उभं की आडवं

३ नोव्हेंबर, सोमवार

निगडीच्या शेठचा सकाळीच फोन. गेमची दोन्ही नवी मशीन्स डिसेंबरात येतायत. पहिल्या लॉटमधलं हवं असेल तर या महिन्याच्या अठ्ठावीसपर्यंत बुकिंग. "ताई, नंतर आलात तर उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल, मग मला शिव्या घालू नका." विचार करून सांगते म्हटलं.

दोन्ही घेणं शक्य नाही. एकच. हे होते तेव्हाही एकच घ्यायचो, पण ठरवणारे हे होते. मी रिमोटचे सेल बदलायची, गर्दी झाली की नंबर लावायची.

दोन्हींची नावं इंग्रजी आणि लांबलचक. वहीत मी उभं आणि आडवं असंच लिहिणार. एक टॉवरसारखं उभं राहतं, दुसरं जेवणाच्या डब्यासारखं पसरट. फोटोत दोन्ही सारखीच गर्विष्ठ दिसतात.

चुकलं तर आमचं गेम पार्लर जाणार. चौकात नवं पार्लर झालंय, एसी लावून. त्याला चुकणं परवडेल.

४ नोव्हें., मंगळ.

दुपारी गिऱ्हाईक नाही. वाचत बसले. शाळा सातवीत सुटली, वाचायचं सुटलं नाही. यांनी चाकणची कंपनी सोडून पार्लर टाकलं तेव्हा मशीनसोबत आलेली पुस्तकं मीच डिक्शनरी घेऊन वाचली होती. हे हसायचे, "ते पुस्तक कुणी उघडतं का गं?"

उ. ला सीडी चालते, जुन्या मशीनच्या सीड्यासुद्धा. आ. ला सीडी घालायला फटच नाही. सगळं नेटवरून, दर महिन्याला वर्गणी. पण नवे गेम तिथे आधी येणार, आणि इथला पोरगा तिकडे नागपूरच्या पोराशी खेळू शकणार. उ. वर तेही होतं म्हणे, पण रडतखडत.

'बॅकवर्ड कंपॅटिबल' या दोन शब्दांशी तासभर झटापट. शेवटी लिहून ठेवलं, मागचं पुढे चालणारं.

कपाटातल्या यांच्या सीड्या पुसल्या. आ. आणलं तर या सगळ्यांचं काय? जुनं मशीन आता मधेच बंद पडतं. ते एकदा गेलं की या नुसत्या चकत्या.

६ नोव्हें., गुरु.

गुरुवार, कंपन्यांना सुट्टी. सकाळी लाईट नाही, नेहमीसारखी. दुपारपासून पाय ठेवायला जागा नाही. चाकणच्या, तळवड्याच्या शिफ्टवाले सगळे. दत्ता सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्या आवाजात. लातूरकडचा, प्रेस शॉपला कॉन्ट्रॅक्टवर आहे. फुटबॉल खेळताना मशीनलाच दम देतो.

त्याला विचारलं. म्हणाला, "ताई, आमाला ते नेटबिट नको ओ. दोन रिमोट, एक सीडी, शेजारी दोस्त. हरला की त्याच्या पाठीत गुद्दा घालता आला पायजे. नागपूरवाल्याच्या पाठीत कसा घालू?"

बाहेर खुर्ची टाकून आबा बसले होते. गाळा त्यांचाच, आणि पूर्वी या सगळ्या बिल्डिंगांखालची जमीनही. म्हणाले, "पोरी, बैलागत बघ. उभा हाय तवर जित्राब. आडवा पडला की मिटलं."

"आबा, ते मशीन आहे."

"व्हय मग? बैलबी मशीनच व्हता आमचा."

दिवसभर हसू येत होतं. घरी आल्यावर गेलं.

९ नोव्हें., रवि.

सकाळी विहारात जाऊन आले. वंदनेत लक्ष नव्हतं, उभं-आडवं चालू होतं डोक्यात. लाज वाटली.

प्रज्ञा घरी होती. ती हिंजवडीला, सॉफ्टवेअर तपासायचं काम. म्हणते, "आई, गाळा सोड. घरी बस, वाच. मी आहे ना." प्रेमानेच म्हणते. पण घरी बसून मी वाचीन कसली? पार्लरच्या गोंगाटात जेवढं वाचून होतं तेवढं घरातल्या शांततेत होत नाही. शांततेत यांची खुर्ची दिसते.

हे तिला सांगितलं नाही.

११ नोव्हें., मंगळ.

वाचावं तितकं जास्त कळेनासं होतंय. एकजण लिहितो उ. म्हणजे शेवटची सीडी, पुढे कुणी बनवणार नाही. दुसरा लिहितो आ. ची वर्गणी वाढतच जाणार. दोघांनीही मशीन हातात घेतलेलं नाही. अजून बाजारातच नाही तर कुठून घेणार!

तरी किती ठामपणे लिहितात. मला असा एक दिवस तरी मिळावा.

कल्पना सुचली. ज्यांना खेळायचंय त्यांनाच विचारायचं. मत घ्यायचं.

१३ नोव्हें., गुरु.

आबांच्या परसातल्या चिंचेचे चिंचोके आणले. दोन स्टीलचे डबे, एकावर उभ्याचं चित्र, एकावर आडव्याचं. आत येणाऱ्याच्या हातात एक चिंचोका. टाका आणि लगेच झाकण लावा, कुणी बघायचं नाही.

दत्ता म्हणाला, "इलेक्शन लावलं का ताई? मग प्रचाराला वडापाव पायजे."

"आचारसंहिता आहे."

"मग चहा तरी. चहाला आचारसंहिता नसती."

चहा दिला. एकाने दोन टाकले म्हणून ओरडाओरड. आबांनीही टाकला, आयुष्यात रिमोट धरला नाही तरी.

बंद करताना डबे हातात घेऊन बघितले. मोजायची गरजच नाही. उभ्याचा जड, आडव्याचा नुसता खुळखुळा.

इतक्या दिवसांनी नीट जेवले.

१४ नोव्हें., शुक्र.

दुपारी बसने निगडीला. शेठना म्हटलं, उभं. त्यांनी मोबाईल नंबर विचारला, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं, झालं बुकिंग. एवढंच? मला वाटलं होतं काहीतरी वाटेल.

येताना खिडकीजवळ जागा मिळाली. मनात यांना सांगितलं, सीड्या चालतील हो.

१६ नोव्हें., रवि.

चुकलं. केवढं चुकलं.

दुपारी ओंकार आणि त्याचे मित्र आले. मागच्या सोसायटीतली मुलं, ताथवड्याला इंजिनिअरिंगला. रोज सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात, रविवार तेवढा त्यांचा. ओंकारने टेबलाखालचे डबे बघितले. "काकू, हे काय?" सांगितलं. तर तो हसायलाच लागला.

"निकाल लागलापण? आणि आमचं मतदार यादीत नावच नाही!"

"तुम्ही आला नाहीत."

"काकू, गुरुवारी सुट्टी कुणाला असते? कंपनीवाल्यांना. आम्ही कॉलेजात असतो."

गुरुवारी पार्लर भरतं, म्हणून गुरुवारी विचारलं. लग्न होऊन इथे आल्यापासून आमच्या घरातली सुट्टी गुरुवारचीच. कटिंगला जाणं गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, मटण गुरुवारी. गुरुवारी न येणारी माणसं असतात हे डोक्यातच आलं नाही. रविवारचा गल्ला काय कमी असतो का? ही पोरं एकदा बसली की उठत नाहीत.

सगळ्यांना आ. च हवंय. ओंकार जाताना म्हणाला, "चौकातला आडवं घेतोय काकू. मी आधीच सांगितलं बरं का, नंतर रागवू नका."

राग नाही. उद्या शेठना फोन करायचा.

१७ नोव्हें., सोम.

शेठना फोन. बुकिंग बदलता येतं, अठ्ठावीसपर्यंत. नंतर नाही. म्हणाले, "पण ताई, घाबरून बदलू नका. लोक घाबरून बदलतात आणि परत घाबरतात."

सांगायला काय जातं त्यांचं. दोन्ही तेच विकणार.

१८ नोव्हें., मंगळ.

प्र. ला जेवताना सगळं सांगितलं. आधी हसली. "आई, म्हणजे कंपनीच्या गेटवर उभं राहून विचारलंस, आपल्या भागात कंपनी असावी का."

मग ताट बाजूला सारून म्हणाली, "खरं सांगू? चिंचोके राहू देत. तुला उभंच हवं होतं. पप्पांच्या सीड्यांसाठी."

"धंद्याचं बघतेय मी."

"मग परवा रविवारी पुन्हा का नाही घेतलं मत?"

मी भांडी घासायला उठले. ती मागे आली, फडकं घेऊन. प्रश्न तिथेच, ओट्यावर.

का नाही घेतलं?

२० नोव्हें., गुरु.

दत्ता आला, पण खेळला नाही. बाकड्यावर बसून राहिला.

"ब्रेक लागला ताई."

सात महिने झाले की कॉन्ट्रॅक्टवाल्यांना घरी पाठवतात. पुन्हा बोलावतील, किंवा नाही. तो एकटा नाही, त्याच्या खोलीतले सगळेच. महिनाअखेरीला खोली सोडणार. म्हणजे डबा जड करणाऱ्यांतले निम्मे, मशीन येईल तेव्हा इथे नसणार.

म्हणाला, "आमच्याकडं बघून घेऊ नका ओ. आमचं काय, पाखरागत. मत दिलं खरं, पण आमच्या मताची जिम्मेदारी तुमच्यावर कशाला?"

त्याला म्हटलं, पुन्हा येशील. म्हणाला, "येतोच की. नाय आलो तर माझ्याजागी दुसरा येईल, तोबी असाच वरडंल." आणि एकदम उठून फुटबॉल लावला, हरला, मशीनला दम दिला. पैसे घेतले नाहीत तर रागावला. शेवटी घेतले.

२३ नोव्हें., रवि.

आज ओंकारला सांगितलं की विचार करतेय, बदलीन कदाचित. तो ओशाळला. म्हणे जानेवारीपासून इंटर्नशिप बंगलोरला. त्याच्या ग्रुपमधले दोघे हैदराबादला.

"अरे, मग मागच्या रविवारी एवढा का भांडत होतास?"

"काकू, भांडायला काय लागतं?"

हसले मी. मग वाटलं, हे सगळेच जाणारे आहेत. गुरुवारचेही, रविवारचेही. त्यांच्या जागी येणारी माणसं अजून बसमध्येही बसलेली नाहीत. त्यांना काय हवं असेल ते कुणाला विचारू? कुठल्या वारी?

२५ नोव्हें., मंगळ.

झोप नीट नाही. रस्सा करपला. प्र. ने तसाच खाल्ला.

आबा म्हणाले, "येवढा घोर करू नगं. तुजा मालक असता तर काय केलं असतं, त्ये कर. संपलं."

सगळे हेच म्हणतात. दत्ता म्हणाला होता, भाऊ असते तर उभंच. शेठही म्हणाले. मीही महिनाभर स्वतःला तेच सांगतेय.

आज गाळा झाडताना आठवायचा प्रयत्न केला. खरंच काय केलं असतं यांनी?

पहिलं मशीन. ज्यावर पार्लर उभं राहिलं ते. नवीन आलं त्याच आठवड्यात यांनी ते भोसरीच्या एकाला देऊन टाकलं, रिमोट आणि सीड्यांसकट. मी म्हटलं होतं, पहिलं होतं हो. तर म्हणाले, "जागा अडली होती." सायकल, रेडिओ, कंपनीतून आल्यावर घालायचा तो हिरवा शर्ट, सगळं असंच. वस्तूत जीव नव्हताच त्यांचा. ते कपाट शेवटच्या वर्षात त्यांनी उघडलं तरी होतं का? नाही. चौकशीही केली नाही.

पुसते मी. लावून ठेवते मी. 'यांच्या सीड्या' म्हणते तीही मीच.

हे असते तर आ. घेतलं असतं. पहिल्याच दिवशी. आणि कपाट रिकामं करून तिथे पाण्याचा जार ठेवला असता.

किती वेळ झाडू हातात धरून उभी होते. यांच्यावर राग आला, खरंच. इतके दिवस ज्यांच्यासाठी भांडतेय त्यांना नकोच होतं.

२६ नोव्हें., बुध.

म्हणजे आ.? ते म्हणाले असते म्हणून? तेही तेच झालं की. आधी त्यांच्या नावाने उभं, आता त्यांच्या नावाने आडवं.

मला सीड्या आवडतात. हातात धरता येतात, मागचं वाचता येतं, कुणी बोट लावून ओरखडा पाडला की कळतं. गिऱ्हाईक "ती द्या ना, कोपऱ्यातली" म्हणतं तेव्हा मला दुकान चालवल्यासारखं वाटतं. आ. मध्ये मी काय करणार? पासवर्ड टाकणार.

पण आवडीवर गाळा चालतो का? आवड कुठे संपते आणि रडं कुठे सुरू होतं, हे कुणाला कळतं?

प्र. ला हे थोडं थोडं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. म्हणाली, "उद्या सुट्टी टाकू? येऊ तुझ्याबरोबर निगडीला?" नको म्हटलं. मग ती म्हणाली, "गाळा सोड असं मी पुन्हा म्हणणार नाही." आणि गेली झोपायला.

२८ नोव्हें., शुक्र.

शेठच्या दुकानातच बसून लिहितेय, पॅम्फ्लेटच्या मागे. घरी गेल्यावर वहीत चिकटवीन.

शेवटचा दिवस म्हणून गर्दी. माझा नंबर आला. शेठनी मोबाईल नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. नाव आलं ते यांचं. जुनं गिऱ्हाईक, जुना नंबर, म्हणून आपोआप. मी चौदा तारखेला जे बुक केलं होतं तेही यांच्याच नावावर.

"भाऊंच्या नावानेच ठेवतो," शेठ म्हणाले. "बरं वाटतं."

मलाही वाटलं, एक क्षण. मग म्हटलं, "नाव बदला."

"अहो, काय फरक पडतो? मशीन तेच येणार."

"बदला. माझं टाका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खोडलं आणि माझं नाव लिहिलं, मी अक्षरं सांगितली तशी. आडनावात एक चूक केली, ती सुधारून घेतली. यांचं नाव गेलं तेव्हा डोळे भरून आले. चष्मा पुसला.

"हां. आता मशीन सांगा ताई. तेच ठेवू की बदलू?"

मागे एक बाई मुलाला घेऊन उभी होती, तिच्या मागे अजून दोघं. म्हटलं, "त्यांचं आधी घ्या. मी इथेच आहे."

स्टूल दिलं त्यांनी. समोर काचेत दोन्ही रिकामी खोकी मांडून ठेवलीयेत, एक उभं, एक आडवं. दुकान आठला बंद होतं. बाईचं झालं. दोघांतला पहिला आता विचारतोय, "यातलं चांगलं कुठलं?" आणि शेठ माझ्याकडे बघतायत.