नव्वदच्या पुढे

२९ नोव्हेंबर १९८६, शनिवार. ट्रॉय.
घर ताब्यात आलं. तीन बेडरूम, खाली तळघर, तळघरात घर तापवणारी गॅसची भट्टी. सुलेखा सगळं फिरून आली आणि म्हणाली, एवढ्या खोल्यांचं आपण दोघं करणार काय. मी आधी हॉलमधला थर्मोस्टॅट पाहिला. गोल, पाऱ्याचा, तिरका बसवलेला. तो काढून आकडे दाखवणारा नवा आणला. कंपनीतला श्रीरंग म्हणाला, भाऊ, माणूस बोलवा, घर जाळाल. मी हसलो. रेडिओ उघडून उघडून शिकलोय, कॉलेजात नाही. भट्टीची वीज बंद केली, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली: लाल वीज आणणारी, पांढरी भट्टीची, हिरवी पंख्याची. चोवीस व्होल्ट, माणसाला काही होत नाही. पाणसळ लावून पट्टी बसवली. तासाभरात काम फत्ते.

३० नोव्हेंबर, रविवार.
प्रोग्रॅम भरला. सकाळी सहाला ६८ अंश फॅरनहाइट, साडेआठला ५८, दुपारी साडेचारला पुन्हा ६८. सुलेखा दिवसभर घरीच असते, पण एका माणसासाठी अख्खं घर तापवण्यात अर्थ नाही. स्वेटर घाल म्हटलं. ती म्हणाली, आता अंघोळही तुमच्या डबीला विचारून करते.

२ डिसेंबर, मंगळवार.
माझ्यामागे तिने ७० केलं होतं. थर्मोस्टॅटवर कुलपाचं झाकण बसवलं. किल्ली माझ्या जुडग्यात.

११ डिसेंबर, गुरुवार.
आठवडाभर तक्रार नाही. सवय झाली म्हणायची. आज बर्फामुळे कंपनी लवकर सुटली, तीनला घरी. सुलेखा खुर्चीत, डोळे उघडे. हाक मारली, हलवलं, उत्तर नाही. साडेचारला भट्टी लागली. पाचला ती उठली आणि म्हणाली, कधी आलात.

१५ डिसेंबर, सोमवार.
रजा घेऊन मोजलं. तापाचं थर्मामीटर ९४पासून सुरू होतं, पारा हललाच नाही. ओव्हनचं, मांसात खुपसायचं, ते तिच्या काखेत धरलं. ५८. भिंतीवर ५८. तीनदा घेतलं. साडेचारनंतर चढत गेलं, ६८ला थांबलं.

१६ डिसेंबर.
कुलूप काढलं, प्रोग्रॅम पुसला. घर ७२ तर सुलेखा ७२. डॉक्टर फोनवर म्हणाला, थर्मामीटर बदला. दवाखान्यात न्यायला निघालो. बाहेर ११ अंश. पाच पावलांत तिचे गुडघे वाकेनात, श्वास थांबला. उचलून आत आणली, पण आता ७२लाही ती उठेना. अँब्युलन्स बोलावली तरी दारापासून गाडीपर्यंत अंतर तेवढंच.

१९ डिसेंबर.
९० लावलं. पुढे आकडा जात नाही. सुलेखा ९०. डोळे फिरतात, मी कोण ते सांगता येत नाही. माणूस ९८.६ असतो. कुलूप मीच लावलं होतं.

२४ डिसेंबर.
नाताळसाठी कंपनी बंद. कालपासून बाहेर पडलो नाही. माझी काख ९०. काही वाटलं नाही. तेही नोंदवतो.

२५ डिसेंबर. सकाळ.
थर्मोस्टॅट काढून टाकला. लाल आणि पांढरी तार सरळ जोडली. आता भट्टी थांबायला सांगणारं कोणी नाही. ९३. ९४. तिने माझा हात धरला.
९५ला भट्टी बंद. फार तापली की सेफ्टी स्विच वीज तोडतो. त्याचं लाल बटण दाबून धरलं तरच चालते. गरम पत्र्यावर टेप चिकटत नाही.

दुपार.
तळघरात. डावा अंगठा बटणावर. गरम हवा सगळी वर जाते, इथे ५१, मीही तिकडेच उतरतोय. बटण दाबलेलं आहे का ते बघावं लागतं, अंगठ्याला कळत नाही —

वर पावलं. भांडं वाजलं. म्हणजे ९८ —

अहो म्हणाली. आवाज नेहमीचा. कुठे आहात, चहा टाकलाय —

ओ द्यायची तर जीभ —

दार उघडलं. पायऱ्या तेरा. खाली येऊ नकोस, एवढंच — अंगठा सोडून वर गेलो तर भट्टी —

चौथी. कप हातात. हसतेय —

सहावी. पाऊल सावकाश —

सातवी. कप कलला, ती बघत नाही — आठ