सुटणारा टाका

प्रिय भिंगरी,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. माझी शाळा चौथीतच आटोपली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत बसू नकोस. अक्षर हललंय ते म्हातारपणाने नव्हे, कालच्या धक्क्याने. मी धडधाकट आहे, घाबरू नकोस. पण कालपासून मी नुसती त्या मशीनकडे बघत बसलेय आणि तुझी आई सारखी मला पाणी आणून देतेय, जसा काही माझा शेवटच जवळ आलाय.

तू पाठवलेला मशीनवाला काल सकाळी आला होता. आजीचं शिलाई मशीन नीट करून द्या म्हणालीस त्याला. मला विचारलंस? नाही. तुला कुठे काही वाकडं दिसलं की सरळ केल्याशिवाय चैन पडत नाही. तो बिचारा मशीनखाली आडवा झाला आणि त्याने खालचा दोरा फिरवणारं शटल काढून माझ्या नाकासमोर धरलं. म्हणे, आजी, याचं टोक वाकलंय, दर सातवा टाका सुटत असणार, इतकी वर्षं शिवलंत तरी कसं? म्हटलं, पायाने. खोटं नाही सांगत. सातवा टाका आला की माझा पाय पायडलवर आपोआप हलका पडायचा, कापडाला बोटाने जराशी ओढ द्यायची, की शिवण सरळ. अख्ख्या गल्लीचे कपडे मी असेच शिवले. त्याने नवं शटल बसवलं, जुनं पिशवीत टाकलं आणि गेला. मी शिवायला बसले तर मशीन लोण्यासारखं चालतंय आणि शिवण मात्र गेली वाकडी! पाय ऐकेना. सातव्याला हलका पडायचा तो पडायचाच. तुझ्या नावाने चार शिव्या घातल्या, झाकण घातलं आणि खिडकीशी काज करत बसले.

तेवढ्यात मागून आवाज. टक टक टक टक टक टक… आणि एक खाली गेला, रिकामाच. पुन्हा सहा, पुन्हा एक खाली. मी मान न वळवता ओरडले, अगं थांबव ते मशीन, टाका सुटायला लागला पुन्हा, मेला फसवून गेला आपल्याला! तर तुझी आई म्हणते, आई, मी मशीनवर कुठे बसलेय? वळून बघते तर मशीनवर झाकण तसंच. ही पलंगावर पाय पसरून बसलेली, हातात तू मला पाठवलेला तो टॅब, त्यावर तुझ्या बापाने बनवलेल्या त्या गेमचा पहिला भाग. पिवळं यान उजवीकडे निघालंय आणि गोळ्या झाडतंय. माझ्या पायाच्या तालावर.

माझ्या हातातली सुई कुठे पडली ते अजून सापडलेलं नाही. अनवाणी फिरू नका म्हणून सगळ्यांना बजावलंय.

तुला काय माहीत, तेव्हा तू नव्हतीस. तुझा बाप आणि त्याचा तो चष्मेवाला मित्र मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसायचे आणि भिंतीपलीकडून दिवसभर ही टकटक. मी इकडून ओरडायची, कान किटले, बंद कर ते! तो तिकडून ओरडायचा, आधी तू तुझं बंद कर! मला वाटायचं, कार्टं उलट बोलतंय. कार्टं खरं बोलत होतं, ते कळायला मला काल उजाडावं लागलं.

मी तशीच उठून तुझ्या बापासमोर उभी राहिले. तो जेवत होता. म्हटलं, त्या गेममध्ये काय घातलंयस तू? त्याने मान वर केली नाही. म्हणाला, तुला आत्ता कळलं? जसं काही मी विचारलंय, भाजीत मीठ आहे का. मग घासाघासामधून एकेक बाहेर आलं. त्यांच्या बंदुकीचा आवाज बेडकासारखा निघत होता, म्हणून याने माझ्या मशीनच्या फळीखाली टेपरेकॉर्डर ठेवला. मधला खाली गेलेला ठोका काढायचा होता, पण खेळून बघितलं तर त्यातच गंमत. सहा गोळ्या, मग एक श्वास. त्या श्वासात शत्रू अंगावर येतो, तेवढ्यात यान वळवायचं. शिकायला दोन दिवस लागतात, मग बोट आपोआप सांभाळतं. गेमसुद्धा म्हणे शिवणीसारखा. यान सुईसारखं, पडदा कापडासारखा आपला आपण सरकत राहतो, थांबता येत नाही.

दुसऱ्या भागाला मोठी कंपनी आली. तिथल्या शहाण्यांना वाटलं ही चूक राहिलीय, त्यांनी तो खाली ठोका बुजवला. गोळ्या सलग सुटायला लागल्या आणि पहिला भाग घोटलेली पोरं पटापट मरायला लागली, कारण त्यांची बोटं सातव्याला थांबायची. माझ्या पायासारखी! कुठल्याकुठल्या मुलखातून लोकांनी रागारागाने पत्रं पाठवली. हा कंपनीशी भांडला, तिसऱ्या भागात तो ठोका परत घातला, आणि तो सगळ्यात जास्त खपला. चौथ्या वेळी कंपनीने यालाच बाहेर काढलं. यान चहूकडे फिरायला लागलं आणि कुठेच पोचलं नाही. मग सगळं थंड पडलं ते तू आणि तुझ्या मैत्रिणींनी पाचवा भाग हातात घेईपर्यंत.

मी वेडी झाले गं ऐकून. एवढ्या घरांतली एवढी पोरं, मी त्यांचं तोंड पाहिलं नाही, त्यांनी माझं पाहिलं नाही, आणि सगळ्यांची बोटं माझ्या पायाबरोबर. माझ्या पायाला कोणी विचारलं होतं? म्हटलं, मला सांगितलं का नाहीस रे? म्हणतो, तू म्हणाली असतीस, माझं मशीन चोरलंस. म्हणाले असते, हेही खरं.

मग मी म्हटलं, जाऊ दे आता, मशीन नीट झालंय, तुझ्या लेकीने माणूस पाठवला होता. त्याचा घास हातातच राहिला. जुनं शटल कुठाय? म्हटलं, त्याच्या पिशवीत. भिंगरी, जो माणूस गुडघा दुखतो म्हणून दारातलं दूध आत आणत नाही, तो उष्ट्या हाताने, एका पायात माझी चप्पल आणि एका पायात त्याची, जिना उतरून पळाला. गल्लीच्या टोकापर्यंत, मशीनवाला तिथे दुसऱ्या एका घरी काम करत होता. मी आणि तुझी आई खिडकीतून बघतोय. धापा टाकत परत आला तेव्हा मुठीत ते वाकडं शटल होतं. स्वतः मशीनखाली शिरला, नवं काढलं, जुनं बसवलं. म्हणाला, चालव. मी चालवलं. तो तिथेच फरशीवर पडून ऐकत राहिला.

आता हे का लिहितेय ते सांगते. तुझ्या पाचव्या भागात तू तो खाली ठोका चूक म्हणून काढलास, त्यावर याने गेमवर स्वतःचं नाव घालू नकोस म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. तुला वाटतं, म्हातारा जळतोय. गेम थोड्याच दिवसांत बाहेर पडायचाय. त्याने मला बजावलंय, तिला यातलं अक्षर सांगायचं नाही, गेम तिचा आहे, तिचं तिला ठरवू दे. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि लिहायला बसले. ठोका ठेव नाहीतर काढ, मला काही पडलेलं नाही. पण काढणार असशील तर आधी इथे ये, या मशीनवर बस, हात-दीड हात शिवून दाखव, आणि मग त्याच्या तोंडावर सांग की चूक आहे. मशीन उघडंच ठेवलंय. आणि येताना चपला घालूनच आत ये, ती सुई अजून फरशीवर कुठेतरी आहे.

तुझीच, न विचारता तोफखान्यात भरती झालेली,
आजी