भावाच्या उपवासाला भाकर

२६ जुलै ९५, बुधवार
सुरेखाचं जेवण उरकायला ऊन डोक्यावर आलं. भाकरीकडं अशी बघती, जशी ताटात इंगळीच हाय. बीडची डॉक्टरीण म्हणली, तुमच्या नातीच्या पोटात रोग न्हाई, भ्या हाय. काळीज लई दमलंय. वेळच्या वेळी घाला, एकटीला बसवू नका, उपवास एकबी न्हाई. म्हणून तिचं ताट माझ्यासंगं.

२८, शुक्रवार
श्रावण लागला. दुकानात भगर-साबुदाण्याला गर्दी, मला धडकी. वर्षभर पोरीनं उपवासाच्या आडून जेवण सोडलं नि गल्ली म्हणायची, काय बाई नेमाची! हाडं दिसाया लागली तवा सगळ्या गप.
सुनेला म्हणलं, कमल, साबुदाणा दारात आणू नको. म्हणती, "आत्याबाई, दुकानच आपलं हाय." अक्कल बघा.

३१, सोमवार
सोमवार, त्यात नागचवथ. भावाचा उपवास.
सुरेखा म्हणली, "आजी, सोमवार सोडते. भावाचा कसा सोडू? बापूदादा दिवसभर जीपवर." कमल बी ढिली पडली, एक दिवस तर... म्हणलं, एकाच दिवसानं सुरू झालतं.
मग मीच शहाणपणा केला. म्हणलं, बापूचा उपवास मी धरते, माझ्या भावाचा मला हायच. तू जेव. ती ताटावर, मी रिकामी समोर. तिनं हात आखडला.
"तू न्हाई तर मी बी न्हाई."
घ्या.
दत्तू माझा एकुलता भाऊ, कडा गावाला असतो. छातीनं खंगलाय. परकर नेसायची तवापासून त्याचा उपवास चुकवला न्हाई, बाळंतिणीच्या खाटेवर बी. पण वाढून घेतलं, भाकर मोडली, खाल्ली. पोरगी बघतच राहिली. मग तिनं बी मोडली.
देवाला म्हणलं, राग आला असंल तर माझ्याशी बोल, पोरांच्या वाटंला जाऊ नको.

१ ऑगस्ट, मंगळवार
पंचमी. आज तवा ठेवायचा न्हाई, पुरणाची दिंडं उकडली. बापूची जीप दुपारी यायची, आली न्हाई. सुरेखा उंबऱ्यावर. "माझ्यामुळं," म्हणली. थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली न्हाई, मला बी तेच वाटत हुतं. तिचं ताट तसंच.
दिवेलागणीला आला. टायर फुटलं म्हणं. "कावून अशा बघताय? मेलो काय मी?" कमलनं त्याला शिव्या घालत जवळ घेतलं. सुरेखानं एक दिंड खाल्लं, दुसरं अर्धं. अर्धं तर अर्धं.

२, बुधवार
कड्याहून निरोप न्हाई. असायचा बी न्हाई, पण... बापूला सकाळीच म्हणलं, दत्तूला बघून ये. जीप घेऊन गेला.
सांजच्याला ताट वाढलं. सुरेखा म्हणली, "आजी, दत्तूआबा बरे असतील ना?"
"त्याला काय धाड भरलीया," म्हणलं नि घास घेतला. तो तोंडातच फिरत राहिला. खाली जाईना. अशी कवा गत झाली न्हाई माझी. पोरगी आपलं ताट सोडून माझ्या गळ्याकडं बघती. मी थुंकले तर ती उठंल, हे ठाऊक. कसाबसा गिळला.
"हळू," म्हणली. "पाणी पिऊ नको वर, त्यानं पोट भरतं. अजून एक घे, मी बी घेते."
घेतला. बापू अजून आलेला न्हाई.