तलावाच्या पाळीवरचा निकाल

नार्नूर,
५ एप्रिल २०२५

चि. सौ. रुपास,

काकाचे पोटभर आशीर्वाद. राजकुमाररावांना आणि वच्छलाबाईंना नमस्कार सांग.

इकडे आमी बरे आहोत. तुझ्या काकूचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. ऊन आत्ताच असं पडून राह्यलं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. दुकान मी आता अर्धा दिवसच उघडतो. रेडिओ दुरुस्तीला येतो कोण? येतात ते गप्पा दुरुस्त करायला येतात. आमच्या लेकीची, सुवर्णाची, उटनूरच्या शाळेत बढती झाली, हेडबाई झाली ती. तुझी आठवण काढते.

फोन लावला की तुझ्याकडे मागून सासूबाईंचा टीव्ही ओरडतो, म्हणून पत्र लिहितो.

परवा मयूरीचा फोन आला होता, तिच्या शाळेतल्या बाईंच्या मोबाइलवरून. दहावीचे पेपर संपले म्हणून खुशीत असेल असं वाटलं, तर पोरगी रडून राह्यली. म्हणाली, "आबा, आईनं माझं आधार, जातीचा दाखला, सगळं पेटीत घालून कुलूप लावलं. पॉलिटेक्निकच्या परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. बावीस तारखेला मुदत संपते. तुमी सांगा ना तिला, ती तुमचंच ऐकते."

आणि वीस तारखेला म्हणे पाहुणे कुंकू लावायला येणार. लग्न दोन वर्षांनी, पण शब्द आत्ताच द्यायचा.

रुपा, पोरगी सोळा वर्षांची आहे. एवढी काय घाई? अर्ज भरू दे. नाही लागला नंबर तर नाही लागला. तू आणि सुवर्णा एका कंदिलाशी बसून अभ्यास करायच्या, ते दिवस आठव. आणि आपली तलावाची पाळ! अख्ख्या नार्नूरात नेट चालायचं ते तिथंच, आणि नेटचा फोन माझा एकट्याचा. पडद्याच्या कोपऱ्यात नेट लागल्याचा इंग्रजी 'जी' उमटला की पोरं ओरडायची, "आला, आला, जी आला!" जसा काही मंत्रीच आला. बारा गावची पोरं हॉलतिकीट घेऊन रांगेत उभी राहायची. मी नंबर टाकायचो, निकाल वाचायचो आणि हॉलतिकिटाच्या मागं पेन्सिलीनं लिहून द्यायचो. चौथी शिकलेल्या माणसाचा तेवढाच मान.

तर पेटी उघड. काकाचं ऐक.

तुझा,
चिंतामणीकाका

~

नार्नूर,
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. रुपास,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. अक्षर अजून तसंच मोत्यासारखं आहे. काकूनं दोनदा वाचायला लावलं. मी एक ओळ दोन्ही वेळा गाळली.

तू लिहितेस, "काका, आमच्या डोक्यात तेवढं तेल नाही. मी रात्रंदिवस घोकून काय उजेड पाडला? तुमी स्वतःच्या डोळ्यानं पाह्यलं. माझ्यासारखं पोरीचं नको व्हायला. आशेवर उभं राहायचं आणि चार लोकांसमोर तोंड पाडून घरी यायचं, त्यापेक्षा आधीच घरी बसलेलं काऊन वाईट?"

वाचून जेवण गेलं नाही.

आता मी लिहितो ते नीट वाच. त्या वेळचं नेट आत्तासारखं नव्हतं. आत्ता मयूरी अंगठ्यानं जग खालीवर करते. तेव्हाच्या फोनला मोठं पान गिळताच यायचं नाही. फोन टॉवरला विचारायचा, टॉवर कंपनीच्या मशीनला विचारायचा, मशीन जाऊन ते पान आणायचं. मग चित्रं, रंग, सगळं सुपात घालून पाखडायचं आणि उरलेली नुसती अक्षरं फोनला धाडायचं, तीही घासाघासानं. मधेच कोणाचा फोन आला की नेट तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सी अक्षर काढायचं तर दोनचं बटन तीनदा दाबायचं. त्यात उन्हानं पडदा पांढरा पडायचा. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. कंपनीला मेसेज करून सेटिंग मागवली आणि चार दिवस डोकं खाऊन फोनमध्ये बसवली.

सांगायचं म्हणजे चूक होऊ शकते. पान अर्धंच आलं असेल. तुझा निकाल खालच्या अर्ध्यात राहिला असेल. मी पुन्हा एकदा पाहायला हवं होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच घरी कागद येणार नव्हता, नेटवर दिसेल तेच खरं होतं, आणि आदिलाबादला जाऊन कॉम्प्युटरवर पाहून यावं असं आपल्यात कोणाला सुचलं नाही. माझ्या पेन्सिलीवर सगळ्यांचा भरवसा.

म्हणून म्हणतो, तुझ्या डोक्याला दोष देऊ नकोस. पोरीच्या तर मुळीच नाही. वीस तारीख पुढं ढकल. बावीसच्या आत अर्ज जाऊ दे.

तुझा,
चिंतामणीकाका

~

नार्नूर,
२३ एप्रिल २०२५

रुपा,

आशीर्वाद लिहिणार होतो. हात थांबला.

माझ्या दुसऱ्या पत्राला तू उत्तर लिहिलं नाहीस, फोन केलास. हसून म्हणालीस, "काका, मला बरं वाटावं म्हणून तुमी आपल्या अंगावर घेऊन राह्यले, समजत नाही का मला? तुमच्याकडून चूक होईल का कधी? या तुमी वीस तारखेला. तुमच्याशिवाय कुंकू नाही लागायचं."

मी "येतो" म्हणालो. 

आणि आलो. पाटावर मला पहिलं बसवलंस. पाहुण्यांना सांगितलंस, "हे माझे काका. माझ्या निकालासाठी दोन तास उन्हात उभे राह्यले होते." तो मुलाचा बाप उठून माझ्या पाया पडला. मयूरी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आबा, तुमी आईला लिहिलं का?" "लिहिलं बाई." "मग?" "ऐकत नाही ती." पोरीनं मान हलवली, जसं काही माझीच समजूत काढते. नंतर मीच तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

आता खरं लिहितो. पान पूर्ण आलं होतं.

२००७ चा जुलै. पाळीवर आपण तिघंच होतो, तू, मी आणि सुवर्णा. सुवर्णा लांब पिंपळाखाली बसली होती, जवळ यायला घाबरत होती. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून तू दोन्ही हात वर करून ओढणीची सावली धरली होतीस. म्हणून तुला पडदा दिसत नव्हता. तू माझ्या तोंडाकडं पाहत होतीस.

आधी सुवर्णाचा नंबर टाकला. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक. मग तुझा टाकला. बराच वेळ पडद्यावर वाट पाहायचं चाक फिरत राहिलं. मग आलं: निवड झाली आहे, मूळ कागद घेऊन सात दिवसांत हजर व्हावे, न आल्यास जागा प्रतीक्षा यादीला दिली जाईल. मास्तरकीच्या शिक्षणाला मराठी माध्यमाच्या जागा अशा किती होत्या? हाताच्या बोटांवर. मी ते तीनदा वाचलं, रुपा. एकदाही चुकीचं वाचलं नाही.

लाल बटन दाबलं. पान गेलं.

तुझ्या हॉलतिकिटाच्या मागं 'नाही' लिहिलं. तू ते पाहिलंस, ओढणी खाली घेतलीस आणि म्हणालीस, "काका, तुमचा घसा सुकला असेल. पाणी आणू का?"

ते आणायला गेलीस तेवढ्या वेळात मी पुन्हा लावून पाहू शकलो असतो. चुकून पाहिलं म्हणालो असतो. तू पाणी घेऊन आलीस. मी प्यालो.

मग सात दिवस रोज एकटा पाळीवर जाऊन सुवर्णाचा नंबर टाकत होतो. रोज प्रतीक्षा. आठव्या दिवशी निवड. तिचे पेढे घरोघर तूच वाटलेस. चंपतदादा ओसरीवर बसून म्हणाला, "माह्या पोरीत दम नाही, चिंतामणी. पाहा एखादं स्थळ." मी पाहिलं. राजकुमाररावांचं स्थळ मीच आणलं, हे तुला ठाऊक आहे. दादा मेला तोवर त्याला तू नापास असल्याचीच खंत होती. शेवटच्या आजारात तो तुला बोलला ते मी ऐकलं आहे. दाराशीच उभा होतो.

मनाला फार समजावलं. सुवर्णा नाजूक, तिला हे नसतं सोसलं. रुपा खंबीर, ती कुठंही तरेल. तू तरलीसही. कापूस वेचून वेचून तुझ्या बोटांची सालं निघतात आणि त्याच बोटांनी दर दिवाळीला मला चिवडा करून पाठवतेस. मी खातो. खाताना चांगला लागतो, हे तुला सांगायला पाहिजे.

तू विचारशील, मग आधीच काऊन सांगितलं नाही? पोरगी रडली त्याच दिवशी फोन लावला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. सासूबाईंच्या टीव्हीचं मी निमित्त केलं. टपाल तुमच्या मुधोळला जायला चार दिवस घेतं. तेवढे चार दिवस मी तुझा चांगला काका राहायचो, उत्तर यायला आणखी तीन. असे दिवस जोडत गेलो. दुसरं पत्र लिहिलं तेव्हा वाटलं, अर्धं सांगितलं की ती अर्ध्यावर पेटी उघडेल आणि उरलेलं अर्धं मला जन्मभर ठेवून घेता येईल. तू ते अर्धंही माझा मोठेपणा म्हणून घेतलंस. मला त्या वेळी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखं वाटलं.

मुदत काल संपली. हे पत्र काल बसून लिहिता आलं असतं, पण ते तुला मुदतीत नसतं मिळालं, फोनच लावावा लागला असता. म्हणून आज लिहिलं.

मयूरीला तुझं डोकं आहे. तुझ्या डोक्यात कधीच काही कमी नव्हतं. कुंकू लागलं म्हणजे काही लग्न लागलं नाही. राजकुमारराव शहाणे आहेत, शब्द मोडायचा तर मोडा, पाहुण्यांना माझं नाव सांगा. पुढल्या वर्षी अर्ज भरायला मी आहे की नाही कोण जाणे. असलो तरी निकाल पाहायला मला बोलावू नका. तिचा फोन तिच्या हातात असू दे.

माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे.

एकच मागणं आहे, आणि ते मागायला मी बसलो आहे याची लाज ठेवूनच मागतो. सुवर्णाला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या शाळेत परवा तिचा सत्कार आहे. रुपा, तिला सांगू नकोस.

चिंतामणी