ओटिलियाची वेल

१४ मे
वेलीने मान टाकली! काल कळ्या होत्या. आज पानं लोंबताहेत, देठ काळे पडलेत. आणि कालच इस्पितळात ओटिलियाला सांगून आलो – तुझ्या क्लेमॅटिसला कळ्या आल्यात. ईस्टरला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिने धड न वळणाऱ्या जिभेने मला एवढंच म्हटलं होतं, "वित्सेक, वेल बघ."
पाणी जास्त झालं का? कमी? खालच्या मजल्यावरून गावलिकबाई ओरडतात, "अहो विन्सेंती, वेलीला पाजताय की माझ्या वाळत घातलेल्या गाद्यांना?"

१६ मे
ओटिलियाशी, सख्ख्या मोठ्या बहिणीशी खोटं बोललो. "वेल बरी आहे." म्हणाली, "डोक्याला ऊन, पायांना सावली. कुंडीला ऊन लागू देऊ नकोस." मी सगळा वसंत कुंडी उन्हात ठेवलेली!
तिचेच पाय गार होते. लोकरी मोजे घालून दिले. मला 'स्ताशेक' म्हणाली – स्ताशेक म्हणजे आमचा थोरला भाऊ, जाऊन किती वर्षं झाली. थकली असेल.

१९ मे
बाजारात रोपं विकणारी म्हणाली, मातीपर्यंत छाटा, मुळात जीव असला तर खालून फुटेल. छाटली. कुंडी सावलीत, भोवती ओलं फडकं.

२ जून
काही नाही.

८ जून, गुरुवार
ख्रिस्तदेहाचा सण. मिरवणूक आमच्याच बाल्कनीखालून जाते, आणि दरवर्षी ओटिलियाची जांभळी फुलं बघून सगळे माना वर करतात. यंदा कुंडीत नुसत्या आधाराच्या काठ्या? लोक काय म्हणतील! जांभळ्या पतंगी कागदाची फुलं करून काठ्यांना बांधली. पांढरा कपडा अंथरला, मरियेची तसबीर ठेवली. खालून खरंच फुललेली दिसत होती. पाद्रीबाबांनीही वर पाहिलं. मी गुडघे टेकले ते लाजेने.

९ जून
पावसात कागदाचा रंग सुटला. पांढऱ्या कपड्यावर जांभळे ओघळ. त्यात गावलिकबाई इस्पितळात जाऊन सांगून आल्या – "ओटिलिया, काय बहरलीय तुझी वेल!" ती रडली म्हणे आनंदाने. डॉक्टर जुलैत घरी सोडणार. आता कुठे तोंड लपवू?

१७ जून
कोंब! मातीतून वर! सूप चुलीवर विसरलो, बीट करपलं.

२८ जून
काय वाढतेय! सकाळी एका काठीवर, संध्याकाळी दुसरीवर. कधी नव्हे ते हातून काही धड झालं. ओटिलियाला सांगितलं. ती खिडकीकडे बघत हसली.

६ जुलै
कळ्या उमलल्या. पांढऱ्या, कर्ण्यासारख्या. तिची तर जांभळी होती, चांदणीसारखी.
गावलिकबाई खसखशीचा केक घेऊन वर आल्या. फुलं जवळून पाहिली. मग हसता हसता खुर्चीत बसल्या. "अहो, हे तण आहे! बिटाच्या शेतात माजतं ते! तुम्ही तणाला पोसलंत!"
क्लेमॅटिस केव्हाच मेली होती. मातीत कुठूनसं तणाचं बी.
आणि ओटिलिया! लहानपणी सगळे उन्हाळे ती जमीनदाराच्या शेतात हेच तण उपटायची. मला लहान म्हणून बांधावर बसवायची. लांबून एक पान दिसलं तरी ओळखायची – "हा बघ चोर!" – आणि मुळासकट ओढायची. तिला फसवणं शक्य नाही.

१० जुलै
उपटायला गेलो, हात मागे घेतला. रिकामी कुंडी तरी कशी दाखवू? सगळं खरं सांगायचं. काय म्हणेल तेही पाठ झालंय – "वित्सेक, डोळे फुटले का तुझे? कुंडीभर चोर पाळलास!" म्हणू दे. चौथीतून शाळा सोडली तेव्हापासून तिचंच ओरडणं ऐकत आलोय. तीन महिने घर कसं मुकं आहे.

१२ जुलै
ओटिलिया घरी आली. बाल्कनीत खुर्चीवर बसवली, पायांवर शाल घातली. मी मागे उभा, बोलणी खायला तयार.
तिने एक पान बोटांत धरलं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.
"माझी वेल," म्हणाली. "छान जपलीस हो."
ओरडली नाही.