खाचेतली अक्षत

कराड, दसऱ्याचा दुसरा दिवस.

आज प्रयोगशाळेत स्वतःचं हसं करून घेतलं. गेल्या आठवड्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या चार वड्या वजन करून ठेवल्या होत्या. आज त्या पॉलिश पेपरवर घासून पुन्हा तोलल्या, तर सगळ्यांत कठीण वडी घासल्यावर चक्क जड भरली. आणि मी गाढव, तपासायचं सोडून धावत सुटलो. विभागप्रमुखांना सांगितलं, "सर, ही झिजतच नाही." ते म्हणाले, "उद्या पुण्याचे पाहुणे येतायत, त्यांना दाखवू."

परत येऊन वडी उलटी केली. मागच्या खाचेत गंधात रुतलेली अक्षत. तांदळाचा एक दाणा.

शिपाई गणपतमामांना विचारलं. "आवं सर, खंडेनवमीला समद्या हत्यारांची पूजा केली. हिलाच कशी वगळायची?"

मी अक्षत टोकरायला लागलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. तिच्यामुळंच टिकलीया न्हवं."

काढली. पुन्हा तोललं. चौघींत सगळ्यांत जास्त झीज हिचीच. एवढी कठीण असून? काही कळेना.

उद्या पाहुण्यांपुढं काय सांगू? अक्षत अजून फेकलेली नाही. खिशात आहे.