स्वेटरवरून माप

आई, घरातलं डायनिंग टेबल मी केलं, लेकीचा पाळणा मी केला, गराजातली कपाटं मी केली, आणि गेल्या वर्षी हरणाच्या शिकारीसाठी एका रायफलीचा दस्ता. शिकवायला कोणी नव्हतं. नळी आणि दुर्बीण विकतची, पण अक्रोडाचं लाकूड मी तासलं. नळीखालून कागद सुळकन फिरेल एवढीच फट ठेवली. शंभर यार्डांवर नेम लावून तीन गोळ्या झाडल्या, तेव्हा तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. शेजारचे म्हातारेबुवा, ज्यांच्याबरोबर जायचं होतं, म्हणाले, "दुकानातलीपेक्षा भारी झालीय." ते मला दिसतच होतं. लेक म्हणाली, "बाबा, यू वोन्ट ईवन ईट इट!" म्हटलं, प्रश्न खायचा नाही, फिटिंगचा आहे. "माझ्या फ्रीजरमध्ये नाही हं," बायको आतून.

आमच्या न्यू जर्सीत हरणाला रायफल चालत नाही, म्हणून थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलो. जाड केशरी जॅकेट घालून झाडाला टेकून बसलोय. समोर शिंगांचा नर येतो, थांबतो. मी रायफल उचलतो तर दस्ता बगलेत अडकतो. सोडवून खांद्याला लावतो तर दुर्बिणीत चहूकडे काळं आणि मधे चवलीएवढा उजेड. मान ताणतोय तोवर तो सावकाश निघून जातो. "काय रे, आधी त्याला नमस्कार करत होतास?" म्हातारेबुवा हसत सुटले.

माप मी ऑगस्टमध्ये टी-शर्टवर घेतलं होतं, जॅकेटच्या जाडीनं दस्ता लांब पडला. तुझ्या मुलानं! नाशिकला तू शाळेचे कोट शिवायचीस, पोरं मे महिन्यात मापाला आली की परत पाठवायचीस: "स्वेटर घालून ये, कोट काय उन्हाळ्यात घालणारेस?" मी शिवलेल्या सदऱ्याची बाही आखूड झाली तेव्हा मी म्हटलं, चालेल. "चालेल म्हणजे चुकलंय. उसव."

दस्ता पाऊण इंच कापला की झालं. करवतीचं पंधरा मिनिटांचं काम. पण मग पुढचं हरीण जिवंत जाणार नाही. मी पहिल्यांदा ऑम्लेट केलं तो तवा तू परत कधी स्वयंपाकघरात घेतला नाहीस, आणि 'उसव' म्हणणारीही तूच. या दोघींतल्या कोणाचं ऐकू? तो नर गेला तेव्हा हायसं वाटलं की चीड आली, तेही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून विचारतोय. तू होतीस तेव्हा पत्रात नुसती खुशाली लिहायचो.

यंदाचा सोमवारही गेला. करवत लावली नाही, शिकारीलाही गेलो नाही. काल म्हातारेबुवांनी जॅकेटवरून ती रायफल खांद्याला लावली. त्यांचे हात लांब, शिवल्यासारखी बसली. "तुला नकोच आहे, तर मला दे की." मी नाही म्हटलं. का, ते मलाही कळलं नाही. नऊशे डॉलर देत होते.